सर्व्हरची मेमरी खरोखर संपते तेव्हा
लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची मेमरी, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा, जवळजवळ भरलेली दिसली तरी लगेच घाबरण्याचे कारण नसते. कारण कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, रिकामी जागा वाया न घालवता तीत डिस्कवरील फायलींच्या प्रती ठेवतो आणि गरज पडताच त्यांतील बहुतेक जागा मोकळी करतो. खरा अंदाज ‘अव्हेलेबल’ या आकड्यावरून येतो, जो कर्नेल २०१४ पासून स्वतःच पुरवतो. तोही तळाला गेला, की ‘ओओएम किलर’ ही यंत्रणा बहुधा सर्वाधिक मेमरी व्यापणारी प्रक्रिया बंद पाडते, आणि मेमरीची गळती, म्हणजे घेतलेली जागा परत न सोडण्याचा दोष, दुसऱ्याच प्रोग्राममध्ये असली तरी बळी अनेकदा डेटाबेसचा जातो. सर्व्हर नुसता पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हे. आधी कर्नेलच्या नोंदी वाचाव्यात, कारण कोणती प्रक्रिया किती मेमरी धरून होती, हे तिथे लिहिलेले असते.