तळहातावरचे लढाऊ विमान

दिवाळीच्या दिवसांत साताऱ्याच्या कोणत्याही पेठेतून फेरी मारावी; दारादारांशी मुलांनी मातीचे किल्ले उभारलेले दिसतात. बुरुजावर उभा असलेला मावळा बुरुजाहून उंच असतो, आणि दरवाज्यापाशी बसविलेला वाघ त्या दरवाज्यातून आत जाऊ शकणार नाही एवढा थोर असतो. त्याला कोणी हसत नाही, आणि हसूही नये. त्या किल्ल्यात भाव आहे. माप नाही, एवढेच. पण समजा एखाद्या मुलाने विचारले, "मावळा जर बोटाच्या दोन पेरांएवढा, तर अजिंक्यतारा केवढा करावा?" अजिंक्यतारा शहरावर अदमासे तीनशे मीटर उंच उभा आहे. मावळा चोवीस मिलिमीटरांचा धरला, तर त्याच हिशेबाने किल्ला चार मीटरांहून उंच करावा लागेल. वाड्याचे अंगण त्याला पुरणार नाही! हा प्रश्न ज्या क्षणी पडतो, त्या क्षणी खेळणे संपते आणि प्रमाणबद्ध प्रतिकृतीची विद्या सुरू होते.

या विद्येचा परिचय करून देण्यासाठी आम्ही एक लढाऊ विमान निवडले आहे: नॅट. निवडीचे कारण सरळ आहे. इंग्लंडात फॉलंड कंपनीसाठी पेटर या अभियंत्याने त्याचा आराखडा केला आणि १८ जुलै १९५५ रोजी ते प्रथम उडाले. परंतु लढाऊ विमान म्हणून त्याचे नाव झाले ते आपल्या देशात. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात ते परवान्याने बांधले जाऊ लागले. १९६५ च्या युद्धात त्याने सेबर विमानांशी झुंज दिली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखाँ नॅट घेऊनच वर गेले, सेबर विमानांच्या तुकडीशी एकाकी लढले आणि धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातील ते एकमेव वीर होत.

आता मापाकडे वळू. नॅटच्या पंखांचा विस्तार सुमारे पावणेसात मीटर आहे. प्रतिकृतीकारांच्या जगात बहात्तरास एक हे प्रमाण फार रूढ आहे. त्याचे मूळ इंग्रजी मापांत सापडते: सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटी माणूस एक इंचाचा झाला की प्रमाण बहात्तरास एक होते. माणूस हाच गज! दुसऱ्या महायुद्धात या प्रमाणाला विशेष महत्त्व आले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने करवून घेण्याची योजना आखली. ती खेळण्यासाठी नव्हती. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे तोफेवरच्या सैनिकाला निमिषात ओळखता यावे, यासाठी ती होती. तेथे पंखाचा कोन चुकला तर आपलाच वैमानिक आपल्याच गोळीला बळी पडण्याचा संभव. मापाची चूक म्हणजे केवळ सौंदर्यातील उणीव नव्हे, हे त्या मुलांना कोवळ्या वयात शिकविले गेले.

बहात्तराने भागले की नॅटचा विस्तार सुमारे चौऱ्याण्णव मिलिमीटर भरतो. विमान तळहातावर मावते. येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. लांबी बहात्तर पटींनी घटली, की क्षेत्रफळ बहात्तर गुणिले बहात्तर, म्हणजे ५,१८४ पटींनी घटते, आणि घनफळ ३,७३,२४८ पटींनी. नॅटचे रिकामे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. प्रमाणाने पाहिले तर प्रतिकृतीचे वजन सहा ग्रॅम असावयास हवे! तात्पर्य, प्रतिकृती सर्व बाबतींत मूळ वस्तूसारखी असू शकत नाही. आकार खरा ठेवला तर वजन खरे राहत नाही. पत्र्यांच्या सांध्यांचेही तेच. खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली फट दोन-तीन मिलिमीटरांची असते; बहात्तराने भागली तर ती केसाहूनही बारीक होते. नजरेस दिसावी म्हणून कारागीर ती थोडी रुंद कोरतो. कोठे तडजोड केली हे ज्याला ठाऊक असते तो कारागीर. ज्याला ठाऊक नसते तो स्वतःचीच फसगत करून घेतो.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हापासून तेथे ओतकाम चालत आले आहे. ओतकामासाठी प्रथम लाकडाचा नमुना करावा लागतो. त्याला कारागीर पॅटर्न म्हणतात. बिडाचा रस निवताना शेकड्याला सुमारे एक या मानाने आकसतो. म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करतात. खरे माप हाती यावे म्हणून नमुन्यात जाणूनबुजून फरक ठेवायचा! प्रतिकृतीकार जे करतो ते याहून वेगळे नाही.

आता प्रत्यक्ष कृती. पूर्वी विमाने लाकडात कोरीत. आज बहुधा पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे सुटे भाग चौकटीला लागलेले मिळतात. ते पिरगळून तोडू नयेत. धारदार पात्याने कापावे आणि उरलेला कोंब बारीक कानशीने घासावा. जोडण्यासाठी जे द्रव्य वापरतात तो खरे पाहता डिंक नव्हे. ते प्लास्टिकचे दोन्ही काठ विरघळविते, विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि द्रव्य उडून गेल्यावर दोहोंचा एकजीव होतो. म्हणून ते थोडे लावावे आणि सांधा एक दिवस तसाच राहू द्यावा. फटीत लांबी भरावी आणि पाण्याचा काचकागद आधी चारशे, मग आठशे, शेवटी बाराशे नंबरचा, या क्रमाने फिरवावा. वैमानिकावरील पारदर्शक छताला मात्र हे द्रव्य किंवा झटपट चिकटणारा डिंक लावू नये. त्यांच्या वाफेने काच धुरकटते. तेथे सुताराचा पांढरा डिंकच बरा.

नॅटचे पंख खांद्याशी बसविलेले असतात आणि मुळापासून टोकाकडे किंचित खाली उतरतात. ते पातळ असल्यामुळे चाके पंखांत न जाता धडात मिटतात. म्हणून विमान अरुंद पायांवर उभे राहते. समोरून आलेखाच्या कागदावर धरून दोन्ही टोके सारखी उतरतात की नाही ते पाहावे. आमच्या पहिल्या नॅटमध्ये हे सारे साधले. रंगही उत्तम बसला. टेबलावर ठेवले, आणि विमान शांतपणे शेपटीवर बसले! तीन चाकांच्या विमानात पुढचे चाक नाकाखाली असते; मागची दोन चाके ही तराजूची दांडी. खऱ्या विमानात पुढच्या भागात यंत्रसामग्रीचे वजन असते. आमच्या विमानाचे नाक पोकळ होते. धडाचे दोन भाग जोडण्यापूर्वीच चाकांच्या पुढे, जितके दूर जमेल तितके, शिशाचे छर्रे बसवावयास हवे होते. कारण वजन टेकूपासून जितके लांब, तितके थोडे पुरते. धड जोडल्यावर हा उपाय उरत नाही. ते विमान आजही आमच्याकडे आहे. त्याच्या शेपटीखाली आम्ही काचेची काडी लावली आहे, आणि ती लपविलेली नाही.

रंगाचीही एक खुबी आहे. खऱ्या विमानाचा नेमका रंग छोट्या प्रतिकृतीवर गडद वाटतो. दुरून पाहताना मध्ये हवा असते, तिने रंग फिका होतो. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा. चिन्हे पाण्यात भिजवून सरकवायची असतात. त्यांच्याखाली पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत नसेल तर हवा अडकते आणि कडा रुपेरी दिसतात. आपल्या हवाई दलाचे वर्तुळ बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असते. हा क्रम उलटा लागलेला आम्ही पाहिला आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. सांगलीतील एका व्याख्यानानंतर आम्ही आमचे दुसरे नॅट श्रोत्यांना पाहावयास ठेवले होते. एक वयोवृद्ध गृहस्थ पुढे आले. साताऱ्याकडचे, हवाई दलात जमिनीवरच्या कामावर होते. त्यांनी विमान हातात न घेता बराच वेळ वाकून पाहिले आणि विचारले, "सर, हा नंबर कुठल्या विमानाचा?"

आम्ही म्हणालो, "चिन्हांच्या कागदावर होता, तोच लावला."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कागदावर असंल. पण आमच्याकडं नंबर म्हणजे विमानाचं नाव असायचं. कुठलं सकाळी गेलं आणि कुठलं परत आलं न्हाई, ते आम्ही नंबरावरनंच सांगायचो."

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही पंखाचा कोन मोजला होता, फटीची रुंदी मोजली होती. पण ज्या अंकांमागे कोणी माणूस बसला होता, ते अंक मात्र शोभेसाठी लावले होते. घरी येऊन आम्ही तो नंबर ओल्या कापडाने आणि काचकागदाने काढून टाकला. त्या दिवसापासून आमचा नियम असा: त्या विमानाचे, त्या काळातले छायाचित्र पाहिल्यावाचून नंबर घालावयाचा नाही. पुरावा नसेल तर जागा कोरी ठेवावी. कोरी जागा खोटे बोलत नाही.

कोणी विचारील, संहाराच्या यंत्राची एवढी निगुतीने प्रतिकृती कशासाठी? याची दोन उत्तरे देता येतील. पहिले असे की, नमुना हा ज्ञानाचे साधन आहे. कुर्ट टँक यांनी बंगळूरला मरुत विमानाचा आराखडा केला, तेव्हा १९५९ साली प्रथम त्याच आकाराचे इंजिनाविना लाकडी विमान बांधून, डकोटामागे ओढून वर नेऊन सोडले. धातूचे मरुत १७ जून १९६१ रोजी उडाले. लाकडाला आधी प्रश्न विचारले, म्हणून धातूचे काम सोपे झाले. त्याच १९६१ च्या जून महिन्यात साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. तेथील आणि इतर शाळांतील मुलांनी विमानाची चित्रे पाहण्याबरोबर ते कसे तोलले जाते हे हाताने अनुभवले, तर त्याचा उपयोग आहे.

दुसरे उत्तर मिरजेत मिळते. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार व झिलई देणारे. त्यांच्याच हातांनी पुढे सतार आणि तंबोरा घडविला, आणि २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्राच्या कामात जी दृष्टी आणि जो हात तयार होतो, त्याला दुसऱ्या कामाकडेही वळविता येते. तळहातावरचे विमान कोणाला मारीत नाही. ते पाहणाऱ्याला एवढेच विचारते की, तू हे नीट मोजलेस का, आणि जे तुला ठाऊक नाही ते तू ठाऊक असल्यासारखे रंगविले नाहीस ना? ज्यांना हे काम करून पाहावयाचे असेल त्यांनी लहान विमान घ्यावे, जवळ एक वही ठेवावी, प्रत्येक मापापुढे ते कोठून घेतले ते लिहावे, आणि धड जोडण्यापूर्वी नाकात शिसे घालण्यास विसरू नये.