पद्मिनीचा रेडिओ आणि खिशातला फोन

"हा डबा कायले ठेवता भाऊ? काढून टाका, टचस्क्रीन बसवून देतो." जुन्या फियाटचा मालक गाणी ऐकायची सोय करायला निघाला की नागपूर असो, यवतमाळ असो की पांढरकवडा, पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो. सल्ला देणाऱ्याचं फार चुकतं असंही नाही. त्याच्या दुकानात येणाऱ्या बाकी गाड्यांना तेच लागतं. पण पद्मिनीच्या डॅशबोर्डात आजची टचस्क्रीन बसवायची म्हणजे पत्रा कापणं आलं, आणि कापलेला पत्रा पुन्हा होता तसा होत नाही. त्या 'डब्या'लाच जरा समजून घेतलं, तर शे-दोनशे रुपयांच्या ब्लूटूथ मॉड्यूलवर तो फोनमधली गाणी वाजवायला लागतो. डायल, बटणं, पुढची काच, कशालाही हात लावावा लागत नाही.

गाडीची ओळख फार करून द्यायला नको. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावानं रस्त्यावर आली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगखाली गिअरचा दांडा. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत तग धरून होती. आमच्या कापूसपट्ट्यात तिची ओळख वेगळी: जिनिंगवाल्याच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या दारातली गाडी. रेडिओ हा तिच्यावरचा वरखर्च, बहुतेक वेळा गाडी घेतल्यावर वेगळा बसवून घेतलेला. त्या काळात रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करावं लागे. तेव्हा गाडीतला रेडिओ म्हणजे नुसती हौस नव्हती, मिरवण्याची वस्तू होती.

आणि पांढरकवड्यात तो लावून ऐकायला होतं तरी काय? पुष्कळ होतं. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे डायलच्या डाव्या टोकाजवळ. विविध भारती १९५७ ची. तिची जाहिरातींसह व्यापारी सेवा १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी सुरू झाली, हे विदर्भातल्या लोकांनी अभिमानानं सांगावं असं आहे, पण कोणी सांगत नाही. पुढे १९८८ मध्ये आकाशवाणीचं रात्रीचं राष्ट्रीय चॅनेल सुरू झालं. त्याचा १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर नागपूरकडच्या बुटीबोरीला, म्हणजे पांढरकवड्यावरून जाणाऱ्या याच हैदराबाद रस्त्यावर. तेव्हा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता ४४ आहे. हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी करत रात्री परतणाऱ्या गाडीत ते १५६६ किलोहर्ट्झवरचं स्टेशन ठणठणीत लागे. शिवाय मीडियम वेव्हला रात्रीच पाय फुटतात. दिवसा वातावरणाचा जो वरचा थर या लहरी शोषून घेतो तो सूर्य मावळला की विरतो, मग लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर जातात. पाटणबोरी ओलांडून पैनगंगेच्या पुलाकडे जाताना तेलुगू आणि मराठी एकमेकींत मिसळून ऐकू येत, ती या थराची करामत.

आता ही दुनिया ओसरली. यवतमाळ आणि अदिलाबादची केंद्रं एफएमवर आहेत. राष्ट्रीय चॅनेल बंद करण्याचा निर्णय २०१८ संपता संपता झाला. गाडीतला जुना सेट धडधाकट असला तरी त्याला पकडायला फारसं काही उरलेलं नाही. सिगारेट-लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर अनेक जण आधी आणतात, आणि मग लक्षात येतं की आपल्या रेडिओला एफएम कळतच नाही. त्यात त्या उपकरणाचा दोष नाही. मीडियम वेव्हच्या सेटसमोर एफएम लावणं म्हणजे बहिऱ्यापुढे कीर्तन.

मग उरतो तो रस्ता सेटच्या आतूनच जातो. म्हणून एकदा तो उघडून बघू.

वरचं झाकण चार-सहा स्क्रूंनी धरलेलं असतं. ते काढलं की घरच्या रेडिओपेक्षा वेगळी अशी एक गोष्ट पहिल्यांदा दिसते: ट्यूनिंगसाठीचा पात्यांचा गँग कंडेन्सर नसतो. खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत ती पाती थरथरली असती आणि स्टेशन हललं असतं. म्हणून कार रेडिओत कॉइलच्या आत फेराइटच्या बारीक कांड्या सरकतात. ट्यूनिंगचं बटण फिरवलं की सगळ्या कांड्या एका पट्टीवर एकत्र आत-बाहेर होतात आणि स्टेशन बदलतं. समोरची पाच बटणंसुद्धा अशीच, निव्वळ यांत्रिक. बटण बाहेर ओढायचं, मग आत दाबायचं, त्या जागेवरचं स्टेशन पक्कं होतं. त्यात ना वीज, ना मेमरी. लोखंडाची पट्टीच सगळं लक्षात ठेवते. असं यंत्र भंगारात घालायचं आणि त्या जागी काळी काच लावायची, हे मला पटत नाही.

आपल्या कामाची जागा मात्र या करामतीपासून दूर आहे. व्हॉल्यूमच्या बटणामागे जो कंट्रोल असतो, त्याला तीन पाय असतात, कधी टोनसाठी चौथाही. एका टोकाच्या पायाला डिटेक्टर डायोडकडून आवाज येतो. मधल्या पायातून तो पुढे ॲम्प्लिफायरला जातो. दुसऱ्या टोकाचा पाय अर्थला. रेडिओ मेकॅनिक टेबलावर सेट चालू करून पहिल्या पायाला बोट लावतो. स्पीकरमधून 'गुंऽऽ' असा आवाज आला की पाय सापडला. (ट्रान्झिस्टर सेटलाच हे करावं. १९५० च्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या कार रेडिओत व्हायब्रेटर बारा व्होल्टचे दोनशेच्या घरात नेतो. तिथे बोट लावू नये.) या पायापर्यंत रेडिओचं रेडिओपण संपलेलं असतं, पुढे फक्त आवाज असतो. ब्लूटूथचा आवाज इथे सोडायचा.

मॉड्यूल स्टिरिओ आवाज देतं, सेटला स्पीकर एकच. डावी-उजवी तार सरळ पिळून एक केली तर मॉड्यूलचे दोन आउटपुट एकमेकांवर चढतात. म्हणून दोन्हींमध्ये एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स टाकून मग तारा जोडायच्या, पुढे दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. तरीही आवाज फाटत असेल तर नवल नाही. डिटेक्टरकडून येणारा आवाज काही दशांश व्होल्टचा, फोनकडून येणारा एका व्होल्टच्या आसपास. अजून एक-दोन रेझिस्टन्सनं तो खाली आणावा लागतो. रेडिओची मूळ तार त्या पायापासून सोडवायची, आणि दोन्ही तारा एका छोट्या स्विचवर न्यायच्या. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला फोन. स्विच दोन पोलांचा, म्हणजे बाजारात ज्याला डीपीडीटी म्हणतात तो, घ्यावा. दुसऱ्या पोलावरून मॉड्यूलची वीज न्यायची, म्हणजे रेडिओ ऐकताना मॉड्यूल पूर्ण बंद राहतं.

हे दुसरं पोल का लागतं, ते सांगणं भाग आहे, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. मॉड्यूलला पाच व्होल्ट लागतात, गाडीत बारा. इंजिन चालू असलं की चौदाच्याही वर. व्होल्टेज उतरवायला सगळेजण एलएम२५९६ ची निळी पाटी लावतात. ती स्वस्त आहे, तापत नाही, पण आत सेकंदाला दीड लाख वेळा वीज तोडून जोडते. १५० किलोहर्ट्झची चौपट ६०० होते, आणि आपलं नागपूर ५८५ ला. मग लोक म्हणतात, ब्लूटूथ लावल्यापासून रेडिओ खरखरतो. मॉड्यूल इतकी थोडी वीज पितं की जुना ७८०५ आयसी पुरतो. थोडा तापतो, एवढंच. पण आवाज करत नाही. निळ्या पाटीपेक्षा मी त्याच्याच बाजूचा आहे. त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, एक फ्यूज हवाच.

दुसरी तक्रार असते शिटीची. इंजिनचा वेग वाढला की गाण्यामागे शिटीही चढत जाते. वीज आणि आवाज या दोघांचा अर्थ दोन वेगवेगळ्या वाटांनी गाडीच्या पत्र्याला मिळाला की हे होतं. त्यावर उपाय म्हणजे पाच व्होल्टमधून पाचच व्होल्ट देणारा, पण आत-बाहेरचा संबंध तोडणारा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर, नाहीतर आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. कन्व्हर्टरही आतून वीज तोडूनच चालतो, पण वरचा स्विच असला की रेडिओला त्याचा त्रास नाही. आवाजाची तार शील्डची घ्यावी आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करावं. ज्यांच्याकडे जुनी मॉरिस किंवा ऑस्टिन आहे त्यांनी तर आधी मल्टिमीटर लावून बघावं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर घातला नाही, तर पहिल्याच दिवशी मॉड्यूलचा धूर निघतो.

मॉड्यूल कुठे ठेवायचं, यातही फसायला होतं. नीटनेटकं दिसावं म्हणून काही जण ते सेटच्या आतच चिकटवतात. सेट पत्र्याचा. नागपूर आकाशवाणीची लहर पाचशे मीटरहून लांब, ती पकडायला फेंडरवर काठी आहे. ब्लूटूथची लहर जेमतेम अर्धी वीत, आणि तिची काठी म्हणजे पाटीवरची वळणावळणाची तांब्याची रेघ. पत्र्याच्या डब्यात ती कोंडली जाते. मॉड्यूल बाहेर, डॅशच्या मागे, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावं.

हे सगळं करण्याआधी सेट मुळात धड आहे का ते बघायला हवं. पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात; ते बदलले नाहीत तर ब्लूटूथही बोबडंच बोलेल. सेटमधले जर्मेनियमचे आउटपुट ट्रान्झिस्टर गरमीनं लवकर जातात, आता सहज मिळतही नाहीत. स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालू करू नये, आणि जुन्याच्या जागी हाताला लागेल तो चार ओहमचा स्पीकर लावू नये. आवाज थोडा कमी, थोडा खर्जातला, एका बाजूनं येणारा असेल. त्यात ढोल दणाणणार नाहीत. ज्याला दणाणायला हवेत त्यानं दुसरी गाडी घ्यावी.

काम करणार कोण, हा पांढरकवड्यासारख्या गावातला खरा प्रश्न. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं मोबाइल दुरुस्तीची झाली. जुन्या मेकॅनिकला व्हॉल्यूमचा पाय डोळे मिटून सापडतो, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या भागांच्या पाटीवर डाग द्यायचा तर नजर साथ देत नाही. मोबाइलवाल्या पोराचा हात त्या पाटीवर लीलया चालतो, पण डिटेक्टर डायोड कुठला ते त्याला सांगावं लागतं. दोघांना एका टेबलाशी बसवलं तर काम दुपारभरात होतं. बसवायचं काम मालकाचं.

बाहेरच्या जगात याचा मोठा बाजार झाला आहे. पोर्शेनं २०२० मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्याच तोंडवळ्याचा पण ब्लूटूथसह सेट काढला. ब्लाउपुंक्टनं आपला ऐंशीच्या दशकातला 'ब्रेमेन' नव्या पोटासकट पुन्हा आणला. छान आहेत; ज्यांची गाडीच तेवढ्या तोलाची आहे त्यांना परवडतील. पद्मिनीच्या डॅशसाठी तसं कोणी काही काढलेलं नाही, म्हणून हा घरगुती मार्ग.

आणि तो परतीचा ठेवून करायचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि मग ती रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनाला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरती. नियमात अडचण चेसिस, बॉडी आणि इंजिन बदलण्याची आहे. रेडिओशी त्याला देणंघेणं नाही. पण १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत, आणि पारखी माणूस गाडीत वाकून बघतो तेव्हा त्याची नजर कापलेल्या डॅशवर आधी जाते.

तेव्हा जुना सेट असेल तर तो भंगारात देऊ नका, आणि आत काम केलंत तर झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कुठली तार सोडवली, कुठे नेली, कुठला रेझिस्टन्स किती किलोचा, स्विच कुठे लपवला. काढलेले भाग डबीत घालून डिकीत ठेवा. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला सगळं पूर्ववत करायचं असेल, तर अर्ध्या तासात करता आलं पाहिजे.