दूरच्या शाखेचा छोटा सर्व्हर

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या खिडकीपाशी हे वाक्य ऐकले नाही असा माणूस विरळा. शहरात हे निभावून जाते. पण डोंगरापलीकडच्या वाडीतून एसटीने आलेल्या माणसाचा दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडे जाते ते वेगळेच.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा आणि ती सांभाळणारा संगणक. आज पुष्कळसे काम इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या यंत्रांवर होते. मग लहान शाखेत वेगळा सर्व्हर कशाला? तर लाइन तुटते म्हणून. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. अशा ठिकाणच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी आणि औषधांचा साठा जवळच्या यंत्रावर असला, तर काम थांबत नाही. लाइन आली की नोंदी पुढे पाठवता येतात.

असे यंत्र निवडताना आपण आधी त्याचा वेग विचारतो. पण चार-सहा संगणकांच्या कामाला फार वेग लागतच नाही. खरा प्रश्न अंतराचा आहे. यंत्र अडले, तर जाणकार माणूस तिथे पोचायला किती वेळ लागेल? उत्तर ‘दोन दिवस’ असेल, तर निवडीचे सारे गणित बदलते.

पहिली गोष्ट विजेची. सरासरी २०० वॅट घेणारा सर्व्हर वर्षभर अखंड चालला, तर सुमारे १,७५० युनिट वीज खातो. ४० वॅटचा छोटा सर्व्हर ३५०. बिलापेक्षाही महत्त्वाची आहे ती बॅटरी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर मोठ्या यंत्राला सहा तास पुरेल, छोट्याला तीस तास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतात, पण त्यांच्यातला फरक राहतोच. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल, अशी व्यवस्थाही आधीच करून ठेवावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बऱ्याच सर्व्हरांना खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंतच मानवते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. म्हणून अधिक तापमान सोसणारे यंत्र निवडावे. बिनपंख्याच्या यंत्रात धूळ कमी शिरते. पण ते बंद कपाटात कोंडून ठेवू नये. कपाट जाळीचे असावे आणि त्याला कुलूपही असावे, कारण छोटे यंत्र पिशवीत घालून नेता येते. त्यातली माहिती सांकेतिक रूपात ठेवली, तर चोराच्या हाती केवळ लोखंड लागते.

तिसरी गोष्ट डिस्कची. दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणारे यंत्र घ्यावे. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते. मात्र याला बॅकअप समजू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. बॅकअप वेगळा हवा, आणि तो दुसऱ्या इमारतीत हवा.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. काही सर्व्हरांत, सर्व्हर बंद असतानाही जागा राहणारा एक चिमुकला स्वतंत्र संगणक असतो. त्याच्या मदतीने तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसून यंत्र बंद-चालू करू शकतो, पडद्यावर काय दिसते आहे ते पाहू शकतो. स्वस्तातल्या अनेक मिनी पीसींत ही सोय नसते. वाचवलेले पैसे मग तंत्रज्ञाच्या एक-दोन फेऱ्यांतच संपतात. ही सोय घेतल्यावर तिचा मूळचा पासवर्ड बदलावा आणि ती इंटरनेटवर उघडी ठेवू नये. मुख्य लाइन तुटली, तर मोबाइल सिमची दुसरी वाटही असावी.

संस्थेच्या दहा शाखा असतील, तर दहाही ठिकाणी एकाच जातीचे यंत्र घ्यावे आणि अकरावे तयार करून मुख्य कार्यालयात ठेवावे. मग बिघडलेले यंत्र दुरुस्त होईपर्यंत शाखा बंद ठेवावी लागत नाही. अकरावे यंत्र एसटीच्या पार्सलने गेले, तरी पुरते. शाखेतल्या कर्मचाऱ्याने दोन वायरी बदलायच्या एवढेच. त्या वायरींना आजच रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात.