कोपराचे टक्के आणि पेन्शनचे कागद

गेल्या महिन्यात धाराशिव तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. पट्टा बांधताना एका माजी सैनिक काकांचा उजवा हात सरळच होईना. नोकरीत असताना कोपर मोडलेले. काका म्हणाले, "ताई, चाळीस टक्क्यांचा दाखला आहे, पण पेन्शन एक रुपयाने वाढली नाही." कागद पाहिला, तर दाखला सरकारी रुग्णालयाचा होता, लष्कराचा नव्हे.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तेव्हापासून आपल्या किती घरांतली पोरे भरती झाली! म्हणून हा घोळ समजून घेऊ.

रुग्णालयाचा दिव्यांग दाखला २०१६ च्या कायद्याखाली मिळतो. त्यात ४० टक्के भरले की सवलती मिळतात. लष्कराचे टक्के वेगळे. ते निवृत्तीच्या वेळी लष्कराचे वैद्यकीय मंडळ ठरवते. तिथे दोन गोष्टी लागतात: दुखणे सेवेमुळे झाले किंवा वाढले असे मान्य होणे, आणि टक्के किमान २० असणे. "सेवेमुळे झाले नाही, वाढलेही नाही" या शेऱ्याचे इंग्रजी लघुरूप 'नाना' होते. या नानाने कित्येकांची पेन्शन अडवली आहे.

कोपरात मोजतात काय? दुखते किती हे नव्हे, तर हात चालतो किती. निरोगी कोपर साधारण १४० अंशांपर्यंत वाकते. भाकरीचा घास तोंडापर्यंत नेणे, तोंड धुणे, केस विंचरणे या रोजच्या कामांना ३० ते १३० अंशांमधली हालचाल पुरते. तळहात वर-खाली फिरतो का, मूठ घट्ट बसते का, करंगळी बधिर आहे का, हेही पाहतात. करंगळीची नस कोपराच्या मागूनच जाते. आपली माणसे मात्र स्वाभिमानाने "ठीक आहे साहेब" म्हणून मोकळी होतात. तसे करू नका. शर्टाची गुंडी लागत नसेल तर लागत नाही असेच सांगा.

पैशाचा हिशेब असा. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम. पगार ४०,००० असेल तर १२,००० रुपये, म्हणजे २० टक्क्यांना २,४००. पण ५० च्या आतले टक्के ५० धरण्याचा नियम आहे, त्यामुळे तेच ६,००० होतात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केला. सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांनी आधी चौकशी करावी.

नकार आला तर सहा महिन्यांत अपील करावे. मग दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल, तर ते सेवेमुळेच झाले असे धरून चालावे, असे सर्वोच्च न्यायालय २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात म्हणाले. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. थकबाकी मात्र बहुधा तीनच वर्षांची मिळते. इजा अहवाल, डिस्चार्ज बुक आणि वैद्यकीय मंडळाचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कागद हरवले असतील तर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे प्रती मागा. काकांच्या पत्र्याच्या पेटीत इजा अहवाल सापडला. उंदराने कोपरा खाल्लाय, पण तारीख शाबूत आहे.

आणि एक. ताजे मोडलेले कोपर तेल लावून चोळून घेऊ नका, ओढून सरळ करायला लावू नका. त्याने स्नायूत हाड धरते आणि सांधा कायमचा आखडतो. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट दाखवेल तेवढाच व्यायाम, आपल्या हाताने, हळूहळू.