सागवानाला रंग?

आमच्या घरात महिनाभर एकच वाद चालू आहे. लेकीला ओट्याखालची कपाटं पांढरीशुभ्र हवीत; सासूबाई म्हणतात, सागवानाचे रेषे झाकायचे नाहीत. ती कपाटं सासऱ्यांनी फंडाच्या पैशांतून आलापल्लीचा साग आणून करवलेली. आता ते नाहीत.

लेकीचं म्हणणं खोटं नाही. आमची खिडकी बोळात उघडते. पांढऱ्या रंगानं उजेड वाढेल. प्लायवुड असतं तर मीच म्हटलं असतं, लांबी भरा आणि खुशाल रंगवा. पण अस्सल लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि चौकटीच्या सांध्यावर रंगाला केसाएवढी चीर पडते. रंगारी कितीही चांगला असो! पांढऱ्यावर ती लगेच दिसते, हळदीची बोटंही.

पॉलिशचंही फार कौतुक नको. चपड्याच्या पॉलिशवर पाणी राहिलं की पांढरे डाग उठतात, गरम पातेलं टेकलं की ते मऊ पडतं. ओट्याजवळ मेलामाइन बरं. मात्र पॉलिश घासून पुढे कधीही रंग देता येतो. रेषांत मुरलेला रंग काढायला सुतार सहसा तयार होत नाही.

म्हणून सध्या वरची प्लायवुडची फडताळं तेवढी पांढरी करतोय. खालच्यांचं दिवाळीनंतर पाहू.