माहेरहून आलेलं कपाट

वरळीच्या बीडीडी चाळींमधली कुटुंबं 160 चौरस फुटांच्या खोल्या सोडून 500 चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाऊ लागली आहेत. अशा बांधाबांधीत भांडी, गाद्या, टीव्ही यांचा निकाल पटकन लागतो. घोडं अडतं ते लोखंडी कपाटापाशी. मुलाला भिंतीत बसवलेलं वॉर्डरोब हवं असतं आणि आजीचं म्हणणं एकच, मी जाईन तिथं ते येईल.

दिसायला तसा तो ठोकळाच. शिसवाची तकाकी नाही, कोरीव काम नाही. रंग राखाडी, नाहीतर शेवाळी. पण त्याचं मूळ सुतारकामात नाहीच. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, पुढे तिजोऱ्या केल्या आणि 1923 पासून पोलादी कपाटं येऊ लागली. मूठ फिरवली की आतल्या सळया वर-खाली सरकून दार चौकटीत अडकतं, ती तिजोरीचीच युक्ती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्याही याच कंपनीच्या विक्रोळीतल्या कारखान्यात बनल्या. देशाचं मत आणि घरातलं सोनं एकाच जातीच्या पत्र्यात राहिलं म्हणायचं! पुढे गल्लीबोळांतल्या फॅब्रिकेशनवाल्यांनीही तोच घाट उचलला आणि ज्यांना नाव परवडत नव्हतं त्यांच्याकडेही कपाट पोचलं.

पत्र्याला वाळवी लागत नाही, पावसाळ्यात तो लाकडासारखा फुगत नाही. चाळीत त्याला जास्तीची कामंही असत. आडवं सरकवलं की नव्या जोडप्याला आडोसा व्हायचा. माथ्यावर बॅगा आणि गणपतीचं मखर, दाराच्या आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या, कप्प्यांत अंथरलेली जुनी वर्तमानपत्रं. दसऱ्याला मुठीला झेंडूची माळ, लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकवाची बोटं.

खरा जीव मात्र आतल्या लॉकरमध्ये. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं सर्वसामान्यांना सोन्याची बिस्किटं बाळगायला मनाई केली, दागिन्यांना नाही; 1990 मध्ये तो रद्द होईपर्यंत मध्यमवर्गाची पुंजी पाटल्या-बांगड्यांच्या रूपातच साठत राहिली. त्यांच्याजवळ पोस्टाची पासबुकं, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले. चोरकप्प्यात भाजीच्या पैशांतून वाचवलेल्या नोटा, ज्यांचा पत्ता घरच्या पुरुषाला नसे. निदान तसं दाखवायची रीत होती. खोली नवऱ्याच्या नावावर, पंख्याखालची जागा सासऱ्यांची. जिची किल्ली बाईच्या कमरेला असे, अशी जागा घरात हीच. माझ्या मते पिढ्यान्‌पिढ्यांचा हा लळा कपाटापेक्षा त्या किल्लीचा आहे.

म्हणून त्याची दुसरी बाजू झाकायला नको. मुलीच्या लग्नात फ्रिज आणि पलंगाबरोबर कपाटही देण्याघेण्याच्या यादीत असायचं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. यादी मात्र ‘हौसेनं दिलं’ या सबबीखाली चालूच राहिली. बापानं कर्ज काढून घेतलेली किती कपाटं टेम्पोतून मिरवत सासरी गेली असतील! मुलीच्या नावानं आलेल्या कपाटाची किल्ली पहिली काही वर्षं सासूच्याच कमरेला, असंही पुष्कळ घरांत चाले.

1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता. नवऱ्याच्या वा सासरच्यांच्या हवाली केली तरी मालकी तिचीच आणि ती परत द्यायला नकार देणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. माहेरहून तिला दिलेलं कपाट त्यात बसतं. ते उचलून नेता येतं, त्याच्यावर हक्क सांगता येतो. भिंतीत ठोकलेलं वॉर्डरोब फ्लॅटचा भाग असतं आणि फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचं. आजी हट्टी आहे असं ठरवण्याआधी त्या नव्या फ्लॅटच्या कागदांवर कुणाकुणाची नावं आहेत, ते घरच्यांनी बघावं.