मका गेला, चुना मागे राहिला

१९७२ च्या दुष्काळाच्या दोनतीन वर्षे आधीची गोष्ट. चैत्राचे ऊन तापू लागले की माझी थोरली आत्या घराबाहेर पडायची बंद होई. तिच्या मानेभोवती, हातांवर आणि पावलांवर कातडी काळवंडे, तडके आणि सोलून निघे. मग हगवण लागे. शेवटच्या वर्षी ती स्वतःशीच बोलू लागली. वस्तीने निदान करून टाकले : महारोग. गावाने ज्या वस्तीला पाणवठ्यापासून दूर ठेवले होते, त्या वस्तीने आत्याला आपल्या रांजणापासून दूर ठेवले. कुणी म्हणाले रक्तातच दोष आहे, कुणी म्हणाले करणी आहे. ती काय खाते, हे कुणीच विचारले नाही. विचारण्यासारखे होतेच काय? मराठवाड्यातल्या आमच्या घरात सकाळी भाकर-मिरची आणि रात्री मिरची-भाकर!

पुढे शिक्षक झाल्यावर वाचनाच्या ओघात मी मक्याच्या इतिहासाकडे वळलो आणि तिथे मला माझी आत्या भेटली. म्हणून ही हकिगत सांगतो.

मका हे मूळचे मेक्सिकोचे धान्य. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या आदिवासींनी एका रानगवतातून ते घडवले. पण त्यांचे मोठेपण पिकापुरते नाही, स्वयंपाकातही आहे. तिथल्या बाया मका सरळ दळत नाहीत. चुन्याच्या निवळीत किंवा राखेच्या पाण्यात तो शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात आणि सकाळी चोळून धुतात. दाण्याची साल सुटते. मग तो दगडी पाट्यावर ओलाच वाटून त्याच्या भाकऱ्या थापतात. या प्रक्रियेतून तयार झालेल्या मक्याला ‘निक्स्तमल’ म्हणतात. मूळ शब्दात ‘राख’ आहे. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

चुना कशाला? एक तर पीठ चिकट होते, भाकरी मोडत नाही. दुसरे, चुन्यातले कॅल्शियम पोटात जाते. तिसरे कारण सगळ्यांत मोठे आणि डोळ्यांना न दिसणारे. मक्यात नायासिन नावाचे जीवनसत्त्व असते, पण ते बांधलेल्या स्थितीत असते. आपल्या पोटाला ती गाठ सोडवता येत नाही. चुन्याचे पाणी ती सोडवते. त्या बायांनी नायासिन हे नाव ऐकले नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्या मका खाऊन त्यांची माणसे धडधाकट राहिली. सोबतीला घेवडा असेच.

१४९२ नंतर स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. भरपूर पिकणारे, स्वस्त धान्य त्यांनी उचलले. चुना मागे ठेवला. पाणचक्क्या हाताशी असताना ‘रानटी’ बायकांची चूलपद्धती कशाला शिकायची? विजेत्याला पराभूताचे धान्य चालते, त्याचे ज्ञान चालत नाही.

याची किंमत विजेत्यांच्या देशातल्या गरिबांनी मोजली. १७३५ साली गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने मका खाऊन जगणाऱ्या दरिद्री शेतकऱ्यांत एक रोग पाहिला : मानेभोवती हारासारखा काळपट पट्टा, सोललेले हात, हगवण, भ्रम आणि मृत्यू. पुढे उत्तर इटलीत जमीनदारांची शेते कसणारे लोक मक्याच्या घाट्यावर जगू लागले आणि तिथेही तो पसरला. त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरबरीत कातडी, असे नाव मिळाले. मानेवरच्या पट्ट्याला आजही डॉक्टर ‘कासालचा हार’ म्हणतात. हा हार मी आत्याच्या गळ्यात पाहिला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिण भागात उसळला. १९०६ ते १९४० या काळात सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि सुमारे एक लाख माणसे मेली. कापसाच्या मळ्यांतली कुळे, गिरणी कामगार, काळे आणि गरीब गोरे यांचा हा रोग. त्यांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची नुसती चरबी, एवढेच असे. कापूस झोपडीच्या दारापर्यंत लावलेला, त्यामुळे भाजीला वाफाभर जमीन नाही. घरात दूध-मांसाचा तुकडा आलाच तर तो पुरुषाच्या आणि लेकरांच्या वाट्याला जाई. म्हणून बाया जास्त मरत.

आणि विद्वान काय म्हणत होते? एक पक्ष म्हणे, हा घाणीतून पसरणारा संसर्ग आहे. दुसरा म्हणे, दोष रक्तातला, वंशातला आहे. वाचकहो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे ना?

१९१४ साली सरकारने या कामावर डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना नेमले. हंगेरीच्या राज्यातून लहानपणी आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा माणूस. त्याने साधी गोष्ट पाहिली. वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांच्यात वावरणाऱ्या नोकरांना होत नाही. संसर्ग माणसाचा हुद्दा पाहून लागतो काय? त्याने अनाथाश्रमांतल्या मुलांना दूध, अंडी, मांस, कडधान्ये दिली. रोग नाहीसा झाला. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवर माफीच्या बोलीवर तयार झालेल्या निरोगी कैद्यांना त्याने मुख्यतः मक्याच्या निकस आहारावर ठेवले. अकरापैकी सहा जणांना रोगाची लक्षणे दिसली. मोकळे होण्यासाठी कैद्याने शरीर पणाला लावावे, हा सौदाही विसरण्याजोगा नाही.

तरी विद्वान मानेनात. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर आणि त्याच्या साथीदारांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि त्यांच्या कातडीच्या खपल्या, मलमूत्र पिठाच्या गोळीत घालून गिळले. त्याची पत्नी मेरी हिनेही रक्त टोचून घेतले. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. ‘विटाळा’चा सिद्धान्त खोटा ठरवण्यासाठी एवढे करावे लागले.

पुढे अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडेन्स्ट्रिकर याच्यासह त्याने गिरणीगावांतल्या घरांचे उत्पन्न आणि ताट यांचा हिशेब मांडला. उत्पन्न जितके कमी तितका रोग जास्त. म्हणजे औषध दवाखान्यात नव्हते, मजुरीत आणि जमिनीत होते. हे ऐकून दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना आपल्या प्रांताचा अपमान झाल्यासारखे वाटले. रोगाची लाज नव्हती, दारिद्र्य उघडे पडल्याची लाज होती! १९२९ मध्ये गोल्डबर्गर वारला. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेजेम याने नायासिनचा उलगडा केला. मेक्सिकोच्या चुलीवर जे शतकानुशतके घडत होते, ते आता प्रयोगशाळेला कळले.

मग आमच्या मराठवाड्यात मका कुठे होता? नव्हता. पण १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाच्या अतिरेकामुळे शरीराचा नायासिनचा कारभार बिघडतो, असे कारण त्यांनी मांडले. त्यावर पुढे वाद झाले. पण ज्वारीला दोष देऊन सुटका नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, मासमटण नियमित मिळते त्याला भाकरीने काही होत नाही. नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागतात, रोग त्याला गाठतो.

आत्याला नेमके काय झाले होते, हे आता कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तिला कधी दवाखान्यात नेलेच नाही. पण तिची मान, तिचे हात, तिची हगवण आणि शेवटची बडबड यांची पुस्तकाशी पडताळणी केल्यावर माझ्या मनात फारसा संशय उरलेला नाही. तिला लागत होते ते मूठभर शेंगदाणे, वाटीभर वरण. तिच्या हातांनी तूर खुडली, भुईमूग उपटला. तो तिच्या ताटात आला नाही.

विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगत आलो : कुणी एखाद्या वस्तीचा रोग तिच्या रक्तात किंवा घाणीत शोधू लागला, तर त्याला आधी त्या वस्तीच्या ताटात डोकवायला लावा. मग ताटावरून मजुरीकडे आणि मजुरीवरून जमिनीकडे न्या. आणि हे इतरांनाच नव्हे, आपल्यालाही सांगायचे आहे. आत्याचे मडके वेगळे ठेवणारे हात गावातले नव्हते. ते आमचेच होते.